येते म्हणून गेलेली घंटा

"सोड, दोर सोड," असं डॉरीन ओरडत होती आणि मी तो आणखी घट्ट धरत होते. पुढच्या क्षणी माझे पाय जमिनीवरून सुटले. सदुसष्ट वर्षांची, पाचवारी नेसलेली, वर मुलाचा जुना स्वेटर घातलेली मी एका इंग्लिश चर्चच्या मनोऱ्यात दोन फूट वर गेले आणि तशीच खाली आदळले. चष्मा कोपऱ्यात उडाला. डॉरीनने झेप घेऊन दोर पकडला, चार हेलकाव्यांत वरची घंटा थांबवली आणि माझ्यापाशी येऊन गुडघ्यांवर बसली. मुळात गोरी बाई, ती आता चुन्यासारखी दिसत होती.

"मी सांगत होते, तरी सोडला का नाहीस?" तिने विचारलं.

"दोर सोडायचा नसतो," मी म्हटलं.

तिला ते कळणं शक्य नव्हतं. गुहागरजवळच्या आमच्या वाडीत ज्या पोरीच्या हातून विहिरीचा दोर सुटे, तिची लाज आठवडाभर वेशीवर टांगलेली असे. नवव्या वर्षी माझ्या हातून तो सुटला आणि कळशी तळाला गेली. बुडालेली भांडी काढायचा लोखंडी गळ अख्ख्या वाडीत एकाच घरी होता, त्यामुळे गळ मागायला जाणं म्हणजे दवंडी पिटण्यासारखंच होतं. आईने मुद्दाम मलाच पाठवलं. त्यानंतर सत्तावन्न वर्षं मी राहाटाने पाणी ओढलं, माहेरी ओढलं, सासरी ओढलं, शाळेत मास्तरीण झाल्यावरही ओढलं, आणि दोर एकदाही सुटला नाही. ही बाई मला पहिल्याच दिवशी सोड म्हणत होती.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तिथे मुळात कशी पोचले, ते सांगायला हवं.

माझा मुलगा शिरीष एक्झिटर शहरात नोकरीला आहे. शहरात आठशे-नऊशे वर्षांचं मोठं कॅथेड्रल, दोन बाजूंना दोन दणकट मनोरे, प्रवाशांची वर्दळ. त्याचं घर मात्र तिथून पाच मैलांवर, विदरकूम नावाच्या छोट्या गावात. गाव कसलं, उपनगरच ते, एकसारख्या विटांची घरं, कापलेली कुंपणं आणि शांतता. सकाळी आठला शिरीष जाई, त्याआधीच त्याची बायको मृण्मयी हॉस्पिटलात गेलेली असे. मग संध्याकाळी सहापर्यंत मी, घड्याळ आणि शेजारणीचं मांजर. त्या गावात कुत्रीसुद्धा विचारून भुंकत असावीत.

माझे यजमान गेले त्याला वर्ष झालं होतं. वर्षश्राद्ध आटोपलं आणि शिरीषने मला एप्रिलमध्ये सहा महिन्यांसाठी बोलावून घेतलं. मी आनंदाने गेले. दुसऱ्या आठवड्यात दूध काढायला फ्रिज उघडायला गेले, तर दारावर चुंबकाने लावलेला एक कागद दिसला. पुण्याजवळच्या एका ज्येष्ठांच्या संकुलातल्या खोलीचा अर्ज होता तो. माझं नाव, माझं वय, माझा रक्तगट, सगळं शिरीषच्या अक्षरात भरलेलं. सहीची जागा तेवढी रिकामी होती.

त्याने समजावून सांगितलं. गावातलं घर कुलूप लावून ठेवू, विहिरीवर पंप बसवलाच आहे, शेजारी बागेला पाणी घालतील. सप्टेंबरअखेर मी परतले की थेट पुण्याला जायचं. तिथे डॉक्टर आहेत, लिफ्ट आहे, भजनी मंडळ आहे. तू एकटी त्या घरात राहायची नाहीस, तुझ्या हाडांचा रिपोर्ट मी पाहिलाय, असं तो म्हणाला. मला ओरडावंसं वाटलं, पण पोराने इतक्या प्रेमाने माझा रक्तगट लिहिला होता की ओरडता येईना. सही नंतर बघू, एवढंच म्हटलं. त्याने कागद परत फ्रिजवर लावला आणि तो तिथेच राहिला. दूध काढताना, दही ठेवताना, दिवसातून दहादा मी तो बघत असे.

त्याच रविवारी शिरीष मला कॅथेड्रल दाखवायला घेऊन गेला. आत जायच्या आधीच वर घंटा सुरू झाल्या. आपल्या देवळातल्यासारखा एकेक टोल नव्हे. दहा-बारा घंटा एका ओळीत पडत होत्या, जिन्यावरून कोणी उतरत यावं तशा, आणि मधेच दोघी जागा बदलायच्या, पण ओळ मोडत नव्हती. यंत्र असेल, मी म्हटलं. शिरीष म्हणाला, माणसं आहेत, दोर ओढतात. मी आत गेलेच नाही. हिरवळीवर उभी राहून संपेपर्यंत ऐकत राहिले आणि तो आत जाऊन आला.

मंगळवारी विदरकूमच्या चर्चच्या दारावर मला हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली. घंटा वाजवणारे हवेत, अनुभवाची गरज नाही, वय दहाच्या पुढे कितीही. मी सदुसष्ट वजा दहा केले आणि दार ढकललं. आत एकटी डॉरीन होती. शहात्तर वर्षांची, जन्मभर शाळेची बस चालवलेली, आवाज कंडक्टरसारखा. गावात सहा घंटा होत्या आणि वाजवणारी माणसं पाच उरली होती. तिने माझ्या चपला दाराबाहेर काढलेल्या पाहिल्या, पायमोज्यांकडे पाहिलं, पदर खोचलेला पाहिला आणि म्हणाली, थंडी वाजेल, पण चालेल.

आणि पंधरा मिनिटांत मी हवेत होते.

शिरीषला मी काही सांगितलं नाही. चर्चमध्ये शांत बसायला बरं वाटतं, असं म्हणाले. तो खूश झाला. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी शांत बसायला जाऊ लागले.

त्या दोराला छातीच्या उंचीवर लोकरीचा जाडजूड गोंडा असतो, लाल, पांढरा, निळा. एका हाताने दोराचं टोक धरायचं, दोन्ही हातांनी गोंडा खाली ओढायचा आणि सोडून द्यायचा. गोंडा सरसरत वर जातो, वर घंटा पूर्ण गरका घेते, तोवर हातात फक्त टोक. मग टोक ओढलं की गोंडा परत खाली येतो, तो धरायचा. एवढंच. पण ते सोडणं मला जमेना. हात उघडायची वेळ आली की मुठी आपोआप आवळायच्या. डॉरीन माझ्या मागे उभी राहून दोन्ही हात माझ्या हातांवर ठेवायची आणि माझी एकेक बोट सोडवायची. दोन आठवडे झाले, तीन झाले. एकदा ती मला शिडीने वर घेऊन गेली आणि माझी घंटा दाखवली. सहांतली सर्वांत लहान, तरी सव्वादोनशे किलोची, तोंड वर करून उभी होती.

"कुंडा," ती म्हणाली. कुंदा म्हणणं तिला कधी जमलं नाही. "ही तुझ्याहून चौपट जड आहे. हिला कोणी धरू शकत नाही, मीही नाही. आपण फक्त वेळ सांगायची. आणि दोर वर जाताना मान वर करून बघायचं नाही. बघितलं की हात चुकतो. सरळ समोर बघायचं. दोर परत येतोच."

तिचं म्हणणं पटलं, पण ते डोक्याला, हातांना नव्हे.

हातांना पटलं ते चौथ्या आठवड्यात, आणि तेही घरी. सकाळी शिरीष बॅग घेऊन दारात उभा होता. "येतो गं," तो म्हणाला. कणकेच्या हातांनी मी मागे न बघता म्हटलं, "ये." दार लागलं आणि मी लाटणं खाली ठेवलं. अठरा वर्षांचा असताना कॉलेजसाठी घर सोडलं तेव्हाही तो जातो म्हणाला नव्हता. या देशात यायला विमानात बसला तेव्हाही नाही. आपल्याकडे जाणारा येतो म्हणतो, घरातला माणूस ये म्हणतो, आणि मग हात सुटतो. जन्मभर मी हेच करत आले होते, चोवीस वर्षं या एका पोराला हेच म्हणत आले होते.

त्या मंगळवारी गोंडा खाली ओढला आणि पुटपुटले, "ये." मुठी उघडल्या. गोंडा वर गेला, वर घंटा बोलली, टोक ओढलं आणि गोंडा माझ्या हातात आला. पुन्हा म्हटलं, पुन्हा आला. डॉरीनने भिंतीजवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसली. मी पन्नास वेळा वाजवून थांबले तेव्हा माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं.

जूनअखेर मी बाकी पाचजणांत उभी राहिले. पोस्टमन, कसाई, दोघी बहिणी आणि सर्वांत मोठ्या घंटेवर डॉरीन. लहान घंटा सगळ्यांच्या पुढे, तिच्या मागे बाकीच्या. म्हणून सुरुवातीचा इशाराही तीच देते. डॉरीनने तो इंग्रजीत शिकवला. त्याचा अर्थ असा, की सांभाळा, निघाली, गेली.

तिथे माझं घोडं अडलं. मी गेली म्हणेना.

"साडेतीनशे वर्षं सगळे असंच म्हणतात," डॉरीन म्हणाली.

"म्हणोत. निघताना गेली म्हणत नाहीत आमच्यात. आणि या घंटेला मी तर मुळीच म्हणणार नाही."

तिने कारण विचारलं आणि मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. पोस्टमन आधी हसला, मग हसायचा थांबला. त्याची बायको मागच्या वर्षी गेली होती, हे मला नंतर कळलं. शेवटी डॉरीनने निकाल दिला की भाषा कुठलीही असो, पाच जोडी हातांना कधी ओढायचं ते कळलं म्हणजे झालं. तेव्हापासून विदरकूमच्या घंटा माझ्या इशाऱ्यावर निघू लागल्या. "सांभाळा. येते. येते हं." महिन्याभरात पाचहीजणांना ते पाठ झालं. कसाई दुकानात मला बघून येटे येटे करायचा.

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी जिल्ह्यातल्या छोट्या मनोऱ्यांची स्पर्धा असे. विदरकूमने चार वर्षांत भाग घेतला नव्हता, कारण सहावं माणूस नव्हतं. त्याआधी घेतला तेव्हा दरवेळी शेवटचा नंबर. डॉरीनने आमचं नाव नोंदवलं आणि कसायाने उत्साहाच्या भरात शिरीषला सांगून टाकलं, की शनिवारी तुझ्या आईला बघायला येणार ना.

शिरीष घरी आला तो लाल होऊन. मृण्मयीने चहा ठेवला आणि शहाण्या मुलीसारखी वर निघून गेली.

"आई, तुझ्या हाडांचा रिपोर्ट तुला माहीत आहे. पडलीस तर?"

"पडले की. मे महिन्यात. दोन फुटांवरून."

तो खुर्चीत बसला. मला न सांगता तू हे कसं केलंस, असं त्याने विचारलं. मी फ्रिजकडे बोट दाखवलं आणि म्हटलं, तो कागद तू मला विचारून भरलास का? शिरीषने चहाचा कप पुढे ओढला.

"बाबा गेले तेव्हा मी विमानात होतो," तो म्हणाला. "नऊ तास मला काही माहीतच नव्हतं. मी खाली उतरलो, फोन चालू केला आणि..." त्याने कप बाजूला सारला. "तुझ्या वेळी मला तसं नकोय, आई. तुझ्याजवळ कोणीतरी असायला हवं."

माझा सगळा राग तिथेच गळून पडला. बेचाळीस वर्षांच्या त्या घोड्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण घेतलं असतं तर सहीही करून बसले असते. म्हणून टेबलाच्या या बाजूलाच राहिले.

"शनिवारी ये," मी म्हटलं. "बघ. बघून झाल्यावरही कागद पुढे करावासा वाटला, तर कर. मी एक शब्द न बोलता सही करीन. पण आधी बघ."

"शब्द देतेस?"

"दिला."

दिला खरा, पण त्या रात्री मला झोप आली नाही. राहाट, अंगण, समुद्राकडची खिडकी, सगळं मी एका दोरावर लावून बसले होते.

स्पर्धा एका खेड्यातल्या चर्चमध्ये होती. नऊ संघ आले होते. परीक्षक दोघे, त्यांना मनोऱ्याच्या बाजूच्या घरात स्वयंपाकखोलीत बसवलेलं, खिडकी उघडी, हातात पेन्सिल. कोण वाजवतंय ते त्यांना कळत नाही, फक्त ऐकायचं आणि चुका मोजायच्या. वाजवायच्या क्रमात आमच्या वाट्याला सहावी पाळी आली. तिथे दोर चर्चच्या जमिनीवरच उतरत असल्यामुळे बघणारे बाकांवर बसू शकत होते. मी चपला काढल्या, पदर खोचला, गोंडा धरला. शेवटच्या बाकावर शिरीष होता, कोटाच्या खिशात हात घालून. खिशात काय आहे ते मला माहीत होतं. निघताना फ्रिजचं दार रिकामं पाहिलं होतं मी.

माझ्या मुठी आवळल्या गेल्या. अगदी पहिल्या दिवसासारख्या. डॉरीन पलीकडून माझ्याकडे बघत होती. तिने मान हलवली, तेवढीच.

"सांभाळा," मी म्हटलं. माझा आवाज चौथीच्या वर्गावर घुमायचा तसा घुमला. "येते. येते हं."

हात उघडले. गोंडा वर गेला.

पहिली पाच मिनिटं अशी गेली की मला आठवतही नाहीत. सहा घंटा, एक ओळ, मग डॉरीनची हाक, दोघींची अदलाबदल, पुन्हा ओळ. मग पोस्टमनचा अंदाज चुकला. त्याची घंटा पुढच्या घंटेवर आदळली, मागच्या तिघी गडबडल्या आणि सगळं एकमेकांच्या अंगावर यायला लागलं. अशा वेळी पुढच्या माणसाचा जीव घाबरतो आणि तो घाई करतो. पण मी अडतीस वर्षं पोरांकडून पाढे म्हणून घेतलेत. एक पोर बे दुणे चारच्या जागी बे त्रिक सहावर पळालं, तर बाईंनी त्याच्या मागे पळायचं नसतं. बाईंनी आपल्या ठेक्यात म्हणत राहायचं, पोरं येतात परत. मी तेच केलं. समोरच्या भिंतीवर नजर ठेवली आणि माझी घंटा जिथे पडायला हवी तिथेच पाडत राहिले. एक फेरा, दुसरा, तिसरा. चौथ्या फेऱ्याला सगळ्या माझ्या मागे ओळीत आल्या. पुढची सहा मिनिटं एक ठोकाही चुकला नाही.

थांबलो तेव्हा कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, तिथे तशी रीत नाही. पोस्टमन माझ्याजवळ आला आणि एवढंच म्हणाला, थँक यू, कुंडा.

चहा-केक झाल्यावर निकाल वाचला गेला, खालून वर. नववा कोणी दुसराच निघाला तेव्हा दोघी बहिणींनी एकमेकींना धरलं. आठवा, सातवा, सहावा. आमचं नाव येईना. चौथा झाला तेव्हा डॉरीनने माझं मनगट पकडलं. तिसरा आला तो खुद्द एक्झिटर शहरातला संघ, कॅथेड्रलच्या सावलीतला. आणि मग, दुसरा, विदरकूम. डॉरीनने बस थांबवल्यासारखी एक आरोळी ठोकली आणि मला उचललं. त्या मंडळींनी मला दोनदा जमिनीवरून उचललं, एकदा घंटेने आणि एकदा डॉरीनने, आणि दुसऱ्या वेळी मलाही उतरायचं नव्हतं.

परीक्षकाने चष्मा सावरून कागदावरची आणखी एक ओळ वाचली. सहाव्या संघात मधे मोठी पडझड झाली होती, पण पहिली घंटा जागची हलली नाही. ती कोण वाजवत होतं ते मला माहीत नाही, तो म्हणाला, पण बाकीचे पाचजण तिचे ऋणी आहेत.

सगळे माझ्याकडे वळले. मी शेवटच्या बाकाकडे पाहिलं. शिरीष उभा होता. त्याने खिशातून हात काढला तेव्हा त्या हातात रुमाल होता.

घरी येताना गाडीत मी कागदाचा विषय काढला नाही, शब्द दिला होता. स्वयंपाकघरात शिरल्यावर मात्र राहवेना. मी टेबलाशी बसले आणि म्हटलं, आण कागद.

त्याने खिशातून चौघडी घातलेला अर्ज काढला, टेबलावर पसरला. मी पेन मागितलं. त्याने ते दिलं नाही. स्वतःच अर्ज पालथा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर वाकला आणि विचारलं, "तुझ्याजवळ गावात फोन उचलणारी माणसं कोण कोण आहेत? नावं सांग. रोज एकाला मी फोन करीन. आणि तू रोज रात्री मला करायचास."

मी नावं सांगत गेले, तो लिहीत गेला. अकरा झाली. मग पेन खाली ठेवून तो म्हणाला, "राहाट अजून आहे ना गं विहिरीवर?"

"आहे. तू पंप बसवलास म्हणून काही काढून फेकलेला नाही मी."

सप्टेंबरअखेर त्याने मला विमानतळावर सोडलं. आत जायच्या दारापर्यंत सामानाच्या गाडीचा एक दांडा मी धरला होता आणि दुसरा त्याने. पुढे फक्त प्रवाशांना जाता येत होतं. तरी तो दांडा धरूनच उभा होता आणि त्याच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती. ही मूठ मी ओळखत होते.

"येते रे," मी म्हटलं.

शिरीषने माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा एकदा हलला आणि स्थिर झाला.

"ये, आई," तो म्हणाला, आणि त्याचा हात उघडला.

मी गाडी ढकलत निघाले. मागे वळून पाहिलं नाही. दोर सुटल्यावर बघायचं नसतं, असं डॉरीनने शिकवलं होतं, म्हणून सरळ समोर बघत ताठ मानेने माझ्या घराकडे चालत राहिले.